भोवरा आणि लाटांची मोजदाद

साहित्याने भोवऱ्याकडे बहुधा एकच काम सोपवलेले दिसते, ते म्हणजे गिळण्याचे. एडगर अ‍ॅलन पोची १८४१ सालची ‘अ डिसेंट इंटू द मेलस्ट्रॉम’ ही कथा याचे सर्वपरिचित उदाहरण. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळचा हा भोवरा ओलाउस माग्नुसने १५३९च्या आपल्या नकाशातही रेखाटला होता. पो कथेत योनास रामुसच्या वर्णनाचा आधार घेतो, ते अपुरे ठरवतो आणि आपल्या कोळ्याला थेट त्या काळ्या नरसाळ्यात उतरवतो. प्रत्यक्षात तेथे अथांग विवर नाही. भरती-ओहोटीचे पाणी समुद्रतळावरच्या उंचवट्यावरून वेगाने वाहते आणि त्या प्रवाहात भोवरे उठतात.

पोनंतर सतरा वर्षांनी, १८५८ मध्ये, हेल्महोल्ट्झने भोवऱ्याचे गणित मांडले. घर्षणरहित द्रवात भोवऱ्याचा अक्ष मध्येच कोठेही संपू शकत नाही. तो एक तर स्वतःलाच मिळून कडे होतो, नाहीतर द्रवाच्या सीमेपर्यंत पोहोचतो. म्हणजे पृष्ठभागावर दिसणारा खळगा हे खाली चाललेल्या घडामोडीचे केवळ एक टोक असते.

मात्र भोवऱ्यावरून जाणाऱ्या लाटेचे काय होते, हा प्रश्न आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. १९५९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात याकीर आहारोनोव्ह आणि डेव्हिड बोम यांनी दाखवले, की चुंबकीय क्षेत्र एका बंदिस्त जागेतच असले, तरी बाहेरून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या तरंगावर त्याची खूण उमटते. त्याच विद्यापीठातील मायकेल बेरी व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये याचे पाण्यातले प्रतिरूप मांडले. टाकीच्या तळातून पाणी सोडून भोवरा निर्माण करायचा आणि त्यावरून सरळ रेषेतल्या लाटा पाठवायच्या. ज्या बाजूला प्रवाह लाटेच्या दिशेने असतो, तेथे लाट पुढे सरकते आणि दोन माथ्यांमधले अंतर वाढते. दुसऱ्या बाजूला ती रेंगाळते आणि माथे जवळ येतात. भोवरा पुरेसा जोरदार असेल, तर दोन्ही बाजूंच्या माथ्यांची संख्या जुळेनाशी होते. एका बाजूची एखादी रेघ भोवऱ्यापाशी येऊन संपते, तिला पलीकडे जोडीदार नसतो. अशा तुटीला ‘डिसलोकेशन’ हे स्फटिकशास्त्रातले नाव जॉन नाय आणि बेरी यांनी १९७४ मध्येच दिले होते.

यातले मर्म असे, की आदर्श भोवऱ्यात गाभ्याबाहेरचे पाणी गोल फिरते, पण त्याचा कण स्वतःभोवती गिरकी घेत नाही. तेथे तरंगणारी काडी केंद्राला प्रदक्षिणा घालते, पण तिचे तोंड साधारण एकाच दिशेला राहते. एवढ्याशा जागेकडे पाहून मध्यभागी भोवरा आहे हे कळणार नाही. ते कळते दोन्ही बाजूंनी गेलेल्या लाटा एकत्र मोजल्यावर.

आपण अध्यापनात ‘संहितेच्या तळाशी जाणे’ हा शब्दप्रयोग फार सैलपणे करतो, आणि पोच्या कोळ्याप्रमाणे विद्यार्थ्यांना थेट नरसाळ्याच्या तोंडाशी नेऊन उभे करतो. पण तो कोळी वाचला कशामुळे? लंबगोल पिंपे इतर वस्तूंपेक्षा हळू खाली जातात, हे त्याने भीती आवरून पाहिले म्हणून. खोलीचा दावा करणाऱ्या वाचकाने पृष्ठभागावरच्या रेघा आधी दोन्ही बाजूंनी मोजाव्यात, एवढेच आमचे म्हणणे. जेथे हिशेब जुळणार नाही, तेथे खाली काहीतरी फिरते आहे असे समजायला हरकत नाही.