पाळीवरून चालताना

आमच्या घरी झोपताना सांगायची गोष्ट राजाराणीची नसे, तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटल्याची असे. आजीचं माहेर नवेगावबांधच्या बाजूचं. तिच्या गोष्टीत कोलू पाटील दिवसभर माती टाके आणि रात्रीतून पाळ वाहून जाई. पुन्हा टाके, पुन्हा वाहून जाई. शेवटी त्यानं भोवतालच्या सात बहिणींना हाक मारली. बहिणी आल्या, आपापली जागा धरून बसल्या आणि पाणी थांबलं. आजी हे सांगताना दोन्ही हातांचे पंजे जमिनीवर उभे करून दाखवी, बहिणी कशा बसल्या ते.

पुढे कॉलेजात असताना मी नवेगावच्या पाळीवर उभा राहिलो, तेव्हा ते पंजे आठवले. तलावाभोवतीच्या टेकड्यांना लोक सात बहिणीच म्हणतात. दोन टेकड्यांच्या मधे जिथे पाणी निसटून गेलं असतं, तेवढीच जागा माणसानं मातीनं बुजवली आहे. उरलेलं काम डोंगरानं केलं. आजीला लिहितावाचता येत नव्हतं, पण कुठे बांध घालायचा याचा अख्खा नकाशा तिच्या गोष्टीत होता.

कोलू पाटील कोहळी हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा माणूस मानला जातो. लोकांनी त्याला कोलासूर म्हणून देव केलं. वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींमुळे नवेगावची पाखरं मराठी वाचकांच्या ओळखीची झाली. मात्र ती ज्या पाण्यावर उतरतात ते पाणी कुणीतरी टोपलीटोपलीनं अडवलेलं आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. मला ते पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत असे तलाव गावोगाव आहेत. लहान असेल तर ती बोडी. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन मिळे. त्या दानाला तुकुम म्हणत. चंद्रपुरात तुकुम नावाचा भाग आजही आहे. कोलू पाटलाचा कोहळी समाज पाण्याचा जाणकार. कोहळ्यांनी तलाव बांधले आणि खाली धान व ऊस पिकवला. इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे, आले. आज कागदावर ते ‘माजी मालगुजारी’ आहेत आणि बोलताना त्याचं ‘मामा तलाव’ झालं आहे. लहानपणी मला वाटे, तलाव म्हणजे आईचा भाऊच.

आमच्या तलावाचे पाणकर माझे आबाजी होते. पाण्याच्या वाटणीसाठी गावानं नेमलेला माणूस तो पाणकर. त्याचा मोबदला धानाच्या राशीवर मिळे. पाळीच्या पोटात तुडूम असे, म्हणजे पाणी सोडायची जागा. त्याला एकाखाली एक भोकं आणि त्यांत लाकडी बुच. पाणी जसं उतरे तसं खालचं बुच काढायचं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत रात्री-बेरात्री लोक हाका मारत, ‘आमच्या बांधीत पाणी नाही आलं जी!’ आबाजी कंदील घेऊन निघत. कधी मलाही नेत.

‘पारीवरून चालताना खाली पाहाचं,’ ते सांगत. आमच्या बोलीत पाळीची पार होते. खाली पाहायचं ते खेकड्यांसाठी. खेकडा बीळ करतो, त्यातून पाणी पाझरतं, पाझराची धार होते आणि भरल्या तलावात एका रात्रीत पाळ खचते. बीळ दिसलं की तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि चिकणमाती कालवून त्याचा बोळा खोल दाबायचा. वरवर माती लोटून भागत नाही. आबाजींची तर्जनी कोपरासारखी वाकलेली होती. ती अशी बिळं चाचपूनच वाकली, असं मी कित्येक वर्षं मानत होतो.

मालगुजारी १९५० च्या कायद्यानं संपली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी संपायलाच हवी होती. आबाजींनी आपल्या वडिलांना वेठीवर राबताना पाहिलं होतं आणि त्या दिवसांबद्दल ते फार बोलत नसत. पण पाळ दुरुस्त करायची कुणी, हा प्रश्न तेव्हापासून गावात घोळत राहिला. तलाव सरकारचा झाला. पाणकर कुणी नेमेना. गाळ साचला, काठानं बेशरम नावाची रानवेल माजली. मासेमारी करणाऱ्या ढिवरांचे डोंगे तिच्यात अडकू लागले.

आमच्या शेजारच्या ढिवर काका-काकींचं घर या तलावावरच चाले. मरळ, शिंगी, झिंगे. पाण्याखालची कुठली वनस्पती उपटली तर कुठला मासा अंडी घालायचं सोडतो, हे काकी पोहे निवडता निवडता सांगत. मला ते पुस्तकात कुठे भेटलं नाही. बेशरमीनं ती झाडं गुदमरली आणि मासे कमी झाले. काका पुढे जाळं घराच्या आढ्यालाच टांगून ठेवत.

अलीकडे भंडारा-गोंदियातल्या काही तलावांवर ढिवर बायांनी कंबर बांधली. उन्हाळ्यात बेशरम मुळापासून उपटायची, तळ मोकळा करायचा, पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावायच्या. आमच्या गावातही काकींची सून यात पुढे होती. आता तिकडून बदकं आल्याच्या बातम्या फोनवर येतात.

गेल्या श्रावणात गावी गेलो तेव्हा तलाव काठोकाठ होता. काकींची सून आणि मी पाळीवरून चालत होतो. मी लांब पाण्यावरच्या पाखरांकडे बघत होतो, ती खाली. एका ठिकाणी थांबली, उकिडवी बसली, मातीत बोट घालून फिरवलं. बोट ओलं निघालं.

‘भाऊ, त्या ढिगातलं तणीस आणा,’ ती म्हणाली. ‘जास्त आणा. खोल आहे.’

मी चपला तिथेच काढल्या आणि धावलो.