खाणीतून उपसलेलं पाणी: जातं कुठे, नियम काय आणि पुन्हा वापरता येतं का?

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी या पट्ट्यात राहत असाल, तर खाणीचे मोठे पाइप तुम्ही पाहिले असतील. त्यातून दिवसरात्र पाणी बाहेर पडतं. काही लोक त्याला 'घाण पाणी' म्हणतात, तर काही म्हणतात, 'एवढं पाणी वाया कशाला घालवता, शेताला द्या की!' यात बरोबर कोण? उत्तर त्या पाण्यात काय आहे यावर ठरतं. ते कसं तपासायचं, हे सोप्या भाषेत पाहू.

हे पाणी येतं कुठून?

कोळशाचे थर जमिनीखाली असतात आणि त्यांच्या आजूबाजूच्या खडकांत भूजल असतं. खाण खोल गेली की हे पाणी झिरपून खाणीत येतं. खुल्या खाणीत पावसाचं पाणीही साचतं. ते तळाच्या खड्ड्यात, म्हणजे 'संप'मध्ये गोळा होतं आणि पंपाने वर काढावं लागतं. नाहीतर खाण बुडेल.

वर येताना या पाण्यात तीन-चार गोष्टी मिसळू शकतात. कोळशाची बारीक भुकटी आणि माती असते. डंपर आणि मशिनमधलं तेल असतं. स्फोटकांत अमोनियम नायट्रेट वापरतात, म्हणून नायट्रेट येऊ शकतं. कोळशात पायराइट हे गंधकयुक्त खनिज जास्त असेल, तर हवा लागून पाणी आम्लधर्मी होतं आणि खडकातले धातू त्यात विरघळतात.

गॅसच्या विहिरीतही पाणी निघतं

कोळशाच्या थरातून मिथेन वायूही काढतात. त्याला कोल बेड मिथेन, म्हणजे सीबीएम म्हणतात. पश्चिम बंगालमधल्या राणीगंज भागात २००७ पासून त्याचं व्यावसायिक उत्पादन सुरू आहे. थरातल्या पाण्याच्या दाबामुळे हा वायू कोळशाला चिकटून राहतो. म्हणून आधी पाणी उपसतात, दाब कमी होतो आणि मग वायू सुटतो. सुरुवातीला पाणी जास्त आणि गॅस कमी, पुढे पाणी कमी आणि गॅस जास्त, असा हा क्रम असतो.

थोडक्यात, खाण असो की गॅसची विहीर, आधी पाणी बाहेर काढावं लागतं. गॅसच्या विहिरीचं पाणी मात्र अनेकदा जास्त खारट असतं.

नियम काय सांगतात?

मूळ कायदा १९७४ चा जल प्रदूषण प्रतिबंध कायदा. त्यानुसार खाणीला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते.  भूजल उपसण्यासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना हरकत प्रमाणपत्रही लागतं.

बाहेर सोडायच्या पाण्याच्या मर्यादा पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ठरल्या आहेत:

- कोळसा खाण: पीएच ५.५ ते ९, तरंगते कण लिटरला १०० मिलिग्रॅम (सिंचनासाठी जमिनीवर सोडताना २००), तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम, नायट्रेट नायट्रोजन १० मिलिग्रॅम.
- जमिनीवरच्या तेल-गॅस विहिरी: वरच्यासारख्या मर्यादांशिवाय क्षार, म्हणजे टीडीएस, २१०० मिलिग्रॅम आणि क्लोराइड ६०० मिलिग्रॅम. बंद पडलेल्या विहिरीत पाणी परत सोडायचं असेल, तर ते १००० मीटरपेक्षा खोल सोडावं लागतं.

पुन्हा वापर कसा होतो?

पहिली पायरी सेटलिंग टँक. पाणी काही तास थांबवलं की भुकटी आणि माती खाली बसते. तेल वर तरंगतं, ते वेगळं काढतात. एवढं झालं तरी हे पाणी रस्त्यावर मारायला, झाडांना आणि कोळशाची धूळ बसवायला चालतं. तपासणी नीट असेल तर शेतीलाही देता येतं.

पिण्यासाठी मात्र गाळणं, आरओ आणि निर्जंतुकीकरण लागतं. हे अशक्य नाही. वेकोलिने नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीला खाणीच्याच पाण्यावर प्रक्रिया करून 'कोल नीर' हे बाटलीबंद पाणी काढलं.

चंद्रपूरला याची गरज का? महाऔष्णिक वीज केंद्र आणि शहर, दोघंही इरई धरणावर अवलंबून आहेत. २०१० च्या उन्हाळ्यात धरणात पाणी कमी पडलं, तेव्हा वीज केंद्राचे काही संच बंद ठेवावे लागले होते. खाणीचं पाणी जिथे कामाला येतं, तिथे धरणाचं तेवढं पाणी वाचतं.

गडचिरोलीचा काय संबंध?

इरई नदी वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून चपराळाजवळ प्राणहिता होते. ही प्राणहिता गडचिरोलीच्या सीमेवरून वाहत सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे चंद्रपूरच्या नाल्यात जे सोडलं जातं, त्याचा प्रवास गडचिरोलीच्या काठाने पुढे होतो. मासेमारी आणि शेती करणारी खालची गावं खाणीपासून लांब असली, तरी नदी तीच आहे.

टीडीएस मीटरवर किती विश्वास ठेवायचा?

ऑनलाइन मिळणारा स्वस्त टीडीएस मीटर पाण्यात बुडवून '३५० आलं, पाणी ओके' असे रील्स तुम्ही पाहिले असतील. इथेच चूक होते. हा मीटर विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. त्यात नेमकं काय आहे, हे सांगत नाही.

समजा, लिटरमध्ये २ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची कमाल मर्यादा १.५ आहे. म्हणजे हे पाणी पिण्यालायक नाही. पण ३५० च्या आकड्यात या २ मिलिग्रॅमचा पत्ताही लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड आढळतं, त्यामुळे हे उदाहरण हवेतलं नाही. तेल आणि जंतूही हा मीटर पकडत नाही. खात्रीसाठी प्रयोगशाळेची तपासणीच लागते.

मोबाइलवर काय तपासता येईल?

१. 'परिवेश' पोर्टलवर खाणीचं नाव शोधा. पर्यावरण मंजुरीचं पत्र मिळालं, तर पाण्याबद्दलच्या अटी वाचा.
२. २००६ च्या ईआयए अधिसूचनेनुसार खाणीला दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. त्यातले पाण्याचे आकडे वरच्या मर्यादांशी ताडून पाहा.
३. अहवाल सापडला नाही, तर माहिती अधिकारात मागा.
४. नाल्याचं पाणी काळं किंवा तेलकट दिसलं, तर तारीख, वेळ आणि लोकेशनसह फोटो काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयात लेखी तक्रार द्या. नुसत्या स्टेटसपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

तर 'घाण' की 'वाया जाणारं', याचं उत्तर नुसतं पाहून मिळत नाही. तपासणीचा आकडा हातात असेल, तर तेच पाणी कुठे वापरायचं आणि कुठे सोडायचं नाही, हे ठरवता येतं. आणि तो आकडा मागायचा हक्क तुम्हाला आहे.