पूल मिळाल्यानंतर

१३ सप्टेंबर १९४८, पहाटे ४. सोलापूरकडून भारतीय फौज निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत शिरली. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. उस्मानाबाद जिल्ह्यातली कितीतरी गावे या फौजेची वाटच पाहत होती. निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांनी लुटालूट, जाळपोळ आणि खून करून माणसांना जगणे नकोसे केले होते. अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून पळाली होती. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते.

उजाडताना. तुळजापूर. रझाकार आणि निजामाचे सैनिक दोनेक तास लढले.

सकाळी ९. जळकोट पडले.

दुपारी सव्वातीन. उमरगा. फौज हद्दीच्या साठ किलोमीटर आत आली होती.

१७ सप्टेंबर, सायंकाळी ५. निजामाने युद्धबंदी जाहीर केली. मराठवाड्यात झेंडावंदन होते ते याच तारखेला.

१८ सप्टेंबर, दुपारी ४. निजामाचे सेनापती अल इद्रूस मेजर जनरल जे. एन. चौधरींना शरण गेले. या कारवाईला पोलीस ॲक्शन म्हणतात; पाठ्यपुस्तकात ती इथे संपते.

फौजेच्या हालचालींच्या वेळा मिनिटासकट सापडतात; पुढच्या कत्तलींच्या सापडत नाहीत. लातुरात कत्तल वीसहून अधिक दिवस चालली, एवढेच कळते. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी हजारावर मारले गेले, बरेचसे पळाले, जेमतेम तीन हजार उरले. उमरग्याजवळच्या गुंजोटीत मुसलमानांची पाचशे घरे होती. फौजेने त्यांची हत्यारे काढून घेतली, मग गुंड आले. दोनशे माणसे मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले.

हे सारे नोंदवले ते नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ती संस्थानात फिरली. काही ठिकाणी सैनिक आणि पोलिसांनीच जमावाला लुटीला चिथावले, कुठे स्वतः हात धुऊन घेतले, असे तिने लिहिले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवताना स्वतःचे जीव गमावले, हेही तिनेच लिहिले. समिती फिरत असतानाच, ९ डिसेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला.

समितीचा अंदाज असा: संस्थानभर किमान २७ ते ४० हजार मृत्यू, त्यांपैकी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतच १८ हजारांहून कमी नाहीत. या कत्तलीला वंशसंहार म्हणावे का, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. 'रझाकारीचा सूड' म्हणून ती मिटवणे मात्र मला मान्य नाही. हत्यारे आधी काढून घेतलेल्या माणसांवर कसला सूड? रझाकारांनी मारलेल्यांची आठवण ठेवायला कुणाची ना नाही. गुंजोटीच्या दोनशेंनी त्या आठवणीचे काय बिघडते?

सरदार पटेलांनी अहवाल नाकारला. तो तेव्हा छापला गेला नाही. सर्वसामान्य वाचकाला तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहायला मिळाला, २०१३ च्या सुमारास.

१९४८ मध्ये जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. नळदुर्ग, उमरगा, लातूर भागात अशी कुणी आजी, कुणी चाचा तुमच्या घरात किंवा शेजारी असतील, तर त्यांना आठवतील ती नावे लिहून घ्या. रझाकारांनी मारलेल्यांची आणि नंतर मारल्या गेलेल्यांचीही, एकाच वहीत.