पाटीवरचे नाव आणि नावातले गाव



यंदाचा हिवाळा आम्ही दोघांनी मुलीच्या घरी, कतारमध्ये दोह्याजवळच्या अल अझीझियाला काढला. तिथे शुक्रवारी सुट्टी. शब्बाथच्या दिव्यांची वेळ होईपर्यंत दिवस मोकळा असे. जावईबापू सकाळी गाडी काढत आणि आम्ही रस्त्यावरच्या तपकिरी पाट्यांच्या मागे जात असू. तपकिरी पाटी दिसली की जवळपास काहीतरी जुने आहे, हे परदेशात राहणाऱ्या तुम्हा मंडळींना सांगायला नकोच.

पहिली फेरी अल वजबाच्या किल्ल्याची. अल अझीझियाहून पश्चिमेला गाडीने थोडेच अंतर. चार बुरूज आणि मातकट भिंती. आपल्या कुलाबा किंवा जंजिऱ्यापुढे तो अगदी लहान वाटतो. पण कतारी माणसाला या जागेचे मोल फार. १८७१ पासून दोह्यात तुर्कांचे ठाणे होते. १८९३ मध्ये बसऱ्याचा तुर्की वली मेहमद हाफिझ पाशा फौज घेऊन दोह्याला आला. शेख जासिम बिन मोहम्मद अल थानी दोह्यात न थांबता वजबाला होते. पाशाने त्यांचे भाऊ अहमद यांना आणि इतर प्रतिष्ठितांना कैद केले व मार्च महिन्यात वजबावर फौज पाठवली. ती फौज हरली. दोह्याच्या ठाण्यात परतलेल्या तुर्कांचे पाणी शेखांच्या माणसांनी तोडले आणि कैदी सोडावे लागले. आज हा विजय तिथली शाळकरी मुलेही सांगतात.

दुसऱ्या शुक्रवारी जरा लांब, वायव्य किनाऱ्यावरच्या झुबाराला गेलो. दोह्याहून शंभर किलोमीटरच्या वर. इथला किल्ला अलीकडचा, १९३८ चा. खरे जुने आहे ते किल्ल्यापलीकडे समुद्राच्या काठाला वाळूत गाडले गेलेले गाव. अठराव्या शतकात ते मोत्यांच्या व्यापाराचे भरभराटीचे बंदर होते. १८११ मध्ये ते उद्ध्वस्त झाले, पुन्हा थोडेफार वसले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस पडले. २०१३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आता उकरलेल्या भिंती आणि अंगणे पाहत आपण फिरतो. माणूस मात्र एकही नाही.

या किनाऱ्याचा आपल्या मुंबईशी जुना संबंध. आखाताचे मोती विकायला मुंबईलाच येत. १८६८ मध्ये मोहम्मद बिन थानी यांच्याशी करार करणारा कर्नल लुईस पेली ज्या रेसिडेन्सीचा अधिकारी होता, तिचा कारभार तेव्हा मुंबई सरकारकडे होता. आणि १९६६ पर्यंत कतारच्या बाजारात रुपयाच चाले. हे सगळे आम्ही नातीला सांगत होतो. ती नऊ वर्षांची. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "आजी, आपली अशी पाटी कुठे आहे?"

आम्ही चटकन म्हटले, "नवगावला आहे की." पण घरी येईपर्यंत मनात येत राहिले, की हे उत्तर अर्धेच आहे.

नवगाव तुम्हाला माहीत आहे. अलिबागच्या उत्तरेला थळजवळ, समुद्राकाठच्या आपल्या कबरस्तानात स्मारकस्तंभ उभा आहे. आपल्या पूर्वजांचे जहाज इथल्या समुद्रात फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, वाहून आलेली प्रेते इथे पुरली, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये आपल्या लोकांचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यांनी ही घटना इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराची धरली. तो त्यांचा अंदाज आहे, कोण्या शिलालेखातला आकडा नव्हे, हे मुलांना सांगताना लक्षात ठेवावे. आपल्याविषयीचा जुना लेखी उल्लेख आहे तो १७३८ चा, सार्टोरियस नावाच्या डॅनिश मिशनऱ्याच्या पत्रातला. या लोकांजवळ बायबल नाही, हिब्रू येत नाही, प्रार्थना म्हणून फक्त ‘शेमा’ येते, असे त्याने लिहिले. म्हणजे ग्रंथ नाही, पाटी नाही, स्तंभ नाही. तरी शेमा राहिली, सुंता राहिली, शनिवारी घाणा बंद ठेवणे राहिले. म्हणून तर गावकरी आपल्याला शनिवार तेली म्हणत.

अलिबागजवळच्याच खंडाळ्याला एलियाहू हन्नावीचा टापा आहे. तिथल्या खडकावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या, अशी आपली श्रद्धा. मलिद्याचे ताट घेऊन, नवस फेडायला आजही तिथे आपली माणसे जातात. अलिबाग शहरात इस्राएल आळी आहे, तिथे मागेन आबोथ सिनेगॉग आहे.

पण नातीला आम्हाला दाखवायच्या होत्या त्या याहून साध्या पाट्या. वडखळला अलिबागच्या रस्त्याला वळले की बांधकाम खात्याच्या गावांच्या नावाच्या पाट्या लागतात. पेझारी. पुढे अलिबागवरून उत्तरेला थळ, नवगाव, किहीम, झिराड, आवास. दक्षिणेला चौल. इकडे मागे पेण, वाकरूळ, रोहा-अष्टमी. कुणा पर्यटकाला यात काही दिसायचे नाही. आपल्याला दिसतात ते पेझारकर, नवगावकर, केहिमकर, झिराडकर, आवासकर, चेऊलकर, पेणकर, वाकरूळकर, रोहेकर, अष्टमकर. ज्या गावात घाणा होता, ते गाव आपण नावाला लावून घेतले. त्याच गावच्या हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांचेही बहुधा तसेच आडनाव. गावाने आपल्याला वेगळे ठेवले नाही, याचा एवढा साधा पुरावा दुसरा नाही.

आता मुंबईच्या दोन पाट्या पाहा. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड. टॅक्सीवाल्याला विचारले तर तो म्हणेल, कुणी इंग्रज साहेब असेल. ते होते डॉ. एलाइजा मोझेस राजपूरकर, १९३७-३८ चे मुंबईचे महापौर. दुसरी पाटी मांडवीतल्या सॅम्युअल स्ट्रीटची. हे सॅम्युअल म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईतले आपले पहिले सिनेगॉग, शाआर हारहामीम, बांधले. आपण जिला जुनी मशीद म्हणतो तीच. दोन्ही पाट्यांवर माणसाचे नाव राहिले, पण मुरूडजवळची राजपुरी गळाली आणि दिवेआगरही गळाले. गाव गळाल्याबरोबर माणूस परका झाला.

हेच आता आपल्या घरांत होते आहे, आणि म्हणून हे लिहायला बसलो. १९४८ च्या पुढे आपली माणसे लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबाला गेली. कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला. फॉर्म भरताना ‘कर’ लांब वाटला, उच्चाराला जड वाटला. बापाचे किंवा आजोबांचे नाव तेवढे आडनाव म्हणून ठेवले. नर्सिंगच्या नोकरीत आम्ही हजारो केसपेपर भरले. नाव, वय आणि त्यापुढे गाव. एकाच नावाचे दोन पेशंट वॉर्डात आले की त्यांना वेगळे ओळखायला गावच उपयोगी पडे. पण स्वतःच्या नातीच्या शाळेच्या फॉर्मवर काय लिहिले आहे, याकडे आमचे कधी लक्ष गेले नव्हते. तिच्या नावात गाव नाही. जावईबापूंच्या आजोबांनीच ते सोडले होते.

त्या संध्याकाळी आम्ही जावईबापूंना विचारले, "तुमचे मूळ गाव कोणते?" ते म्हणाले, "अलिबागकडचे कुठलेतरी." त्यांच्या वडिलांना जाऊन सहा वर्षे झाली. राहिल्या ठाण्याच्या आत्याबाई, वय अठ्ठ्याऐंशी. शब्बाथ सुटल्यावर त्यांना फोन लावला. ऐकू कमी येते, तीनदा ओरडून विचारावे लागले. मग म्हणाल्या, "अरे, आपण झिराडकर! तुझ्या पणजोबांचा घाणा होता तिथे. एवढे कसे ठाऊक नाही तुला?"

जावईबापू बराच वेळ गप्प होते. मग आम्ही त्यांना सांगितले, की डेव्हिड राहाबींनी आपल्या लोकांना धर्म पुन्हा शिकवला, तेव्हा तीन घराण्यांतले तीन काजी नेमले अशी आपली परंपरा आहे: झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर. हे ऐकून ते म्हणाले, "बाबांनी कधी बोलून दाखवले नाही." कदाचित बाबांनाही कुणी सांगितले नसेल.

आत्याबाई नसत्या तर हे एका घराचे गाव कायमचे गेले असते, आणि ते कुठल्या उत्खननात सापडले नसते. झुबारा वाळूखालून उकरून काढता आले, कारण तिथे भिंती होत्या. आपल्या घाण्यांच्या भिंती राहिलेल्या नाहीत. गावोगावच्या कबरस्तानांतल्या कितीतरी जुन्या दगडांवर अक्षरही नाही. आपले गाव उरले आहे ते नावात आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी.

तेव्हा मंडळी, एवढे करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला याच आठवड्यात फोन लावा. गाव विचारा, तालुका विचारा, आजीचे माहेर विचारा, कुणाला कुठे पुरले ते विचारा. मराठीत लिहा, आणि मुलांना वाचता येईल त्या लिपीतही लिहा. पुढच्या वेळी भारतात आलात तर त्या गावाच्या पाटीशी गाडी थांबवून मुलांचा फोटो काढा. पासपोर्टवरचे नाव बदलायला कुणी सांगत नाही. पण आपण कुठले ‘कर’ आहोत ते मुलांना ठाऊक असू द्या.

नातीने वहीत झिराडची पाटी काढली आहे, तपकिरी रंगात. गावाची पाटी तपकिरी नसते, असे आम्ही तिला सांगितले. ती म्हणाली, "पण हे जुने आहे ना, आजी?" आम्ही तो रंग तसाच राहू दिला.