थंडरबोल्ट, दुपारी १२.१७

मॉडेल विमान पडलं की बघे म्हणतात, ‘उतरवताना गडबड झाली.’ आमच्या क्लबात पडलेल्या थंडरबोल्टबद्दल मी कुणाला तसं म्हणू देत नाही. त्या शनिवारी फ्लाइट लाइन माझ्याकडे होती. कुणी उडायचं, कुणी थांबायचं हे मी सांगत होतो आणि वेळा वहीत टिपत होतो. त्या वहीप्रमाणे विमान सकाळपासूनच पडत होतं.

ठिकाण अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटनच्या जवळ. ऑगस्ट महिना, गवताची धावपट्टी आणि तिच्या पलीकडे कमरेएवढं सोयाबीन. मेळावा ‘वॉरबर्ड’चा, म्हणजे फक्त लढाऊ विमानांच्या मॉडेल्सचा.

सकाळी ६.४०. फाटक उघडतं आणि थंडरबोल्ट ट्रेलरमधून उतरतं. मूळ पी-४७ विमानाच्या एकपंचमांश, पंखांची लांबी सुमारे अडीच मीटर, वजन १८ किलो. मालक निवृत्त मशिनिस्ट, हात सोन्याचा. रंग ब्रह्मदेश आघाडीवरच्या ब्रिटिश थंडरबोल्टचा, जी १९४४ पासून बंगालमधल्या तळांवरून उडत. पंखांवरच्या गोलांत लाल ठिपका नाही, निळ्याच्या दोनच छटा. जपानी समजून आपल्याच माणसांनी पाडू नये म्हणून तेव्हा लाल रंग काढून टाकला होता. मी मराठी असल्याचं त्याला माहीत, म्हणून हे सगळं त्याने मला दोनदा ऐकवलं.

मग काऊलिंगकडे, म्हणजे इंजिनाच्या आवरणाकडे बोट. आदल्या रात्रीच आत नकली इंजिन बसवलेलं. मूळ विमानात प्रॅट अँड व्हिटनीचं १८ सिलिंडरचं आर-२८०० असे. समोरून दिसणारे त्याचे ९ सिलिंडर याने प्लास्टिकमध्ये घडवले होते, अगदी स्पार्क प्लगच्या तारांसकट. त्यामागे खरं इंजिन, १०० सीसीचं दोन सिलिंडरचं पेट्रोल टू-स्ट्रोक. त्याला ना पंखा, ना पाणी. प्रोपेलरने ढकललेली हवा फिन्सवरून जाते तेवढाच गारवा. ती हवा जायची वाट आता प्लास्टिकने अडवली होती.

८.१०. तपासणी. ट्रान्समीटरची शक्ती कमी करून रेंज पाहिली, सर्वो हलवून पाहिले, सिग्नल तुटला तर थ्रॉटल खाली येतो का तेही पाहिलं. सगळं चोख. कागदावर गारव्याचा रकानाच नव्हता, त्यामुळे कुणी विचारलं नाही. नंतर पिट्समध्ये दोन मिनिटं इंजिन चालवलं. मस्त वाजलं. सकाळच्या गारव्यात दोन मिनिटांत कुठलं इंजिन तापतंय!

९.३०. जमिनीवरच्या सजावटीचं परीक्षण. परीक्षक काऊलिंगमध्ये डोकं घालून वाहवा करतात. सर्वाधिक गुण.

११.५८. इंजिन सुरू. ऊन ३२ अंशांचं. तो रांगेत दुसरा.

१२.००. हवेतल्या कोर्सेअर मॉडेलचं एक चाक बाहेर येईना. ही चाकं दाबलेल्या हवेवर चालतात आणि एखादी रबरी रिंग गळली की संपलं. मी धावपट्टी बंद केली. कोर्सेअर घिरट्या घालतंय आणि खाली थंडरबोल्ट शेपूट वाऱ्याकडे करून मंद इंजिनावर उभं. पुढून हवा नाही, आत ऊन कोंडलेलं.

१२.०३. गळ्यावरून हात फिरवून मी त्याला इंजिन बंद करायची खूण केली. त्याने नकारार्थी मान हलवली. तापलेलं टू-स्ट्रोक पुन्हा पटकन सुरू होत नाही आणि कुंपणाशी गर्दी जमलेली. शो चुकला असता.

१२.०७. कोर्सेअर पोटावर उतरलं. प्रोपेलर तुटला, बाकी ओरखडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसाचं सर्वांत शहाणं लँडिंग तेच होतं.

१२.१०. थंडरबोल्ट उडालं. फार देखणं उडालं, हे कबूल करायलाच हवं.

१२.१५. आवाज बदलला. घुमणाऱ्या आवाजात कोरडी कडकड. त्याच्या शेजारी उभा असलेला जावई म्हणाला, “उतरवा आता.” उत्तर आलं, “एक फेरी.”

१२.१६, पाच सेकंद. इंजिन जाम. ‘डेडस्टिक!’ म्हणजे इंजिन हवेतच बंद, अशी आरोळी. मी सगळ्यांना मागे घेतलं, धावपट्टी मोकळी. विमान सोयाबीनच्या वर, वाऱ्याबरोबर आपल्यापासून दूर चाललेलं, उंची जेमतेम ४० मीटर. नाक खाली, चाकं आत, सरळ पिकात, एवढंच करायचं होतं. फार तर प्रोपेलर आणि काऊलिंग गेलं असतं.

दहा सेकंद. त्याने चाकं बाहेर काढली, फ्लॅपही सोडले. सवय! पण दोन्हींनी हवेचा अडथळा वाढतो आणि थांबलेला प्रोपेलर आधीच ब्रेक लावून बसलेला असतो. विमान ताट ठेवल्यासारखं खाली बसू लागलं.

पंधरा सेकंद. धावपट्टीकडे वळण. हे मॉडेल सरळ उडताना ताशी ५० किलोमीटरच्या आसपास स्टॉल होतं, म्हणजे पंख उचल धरेनासे होतात. ४५ अंश कलून उंची धरायला गेलं तर हीच मर्यादा १९ टक्क्यांनी वाढते, म्हणजे ६० पर्यंत जाते. डोळाही फसवतो. एकपंचमांश विमान ६० ने गेलं तरी नजरेला ३०० वाटतं, म्हणून माणूस नकळत एलिव्हेटर ओढून त्याला आणखी हळू करतो. घट्ट वळणात विमान बसू लागलं तर नाक खाली घालायचं, हे राइट बंधू १९०५ साली शिकले. कुठे शिकले? इथूनच थोड्या अंतरावरच्या हफमन प्रेअरीच्या कुरणात.

त्याने नाक वर ओढलं.

वीस सेकंद. आतला पंख पडला. उलटायलाही उंची उरली नव्हती.

१२.१७. धावपट्टीच्या काठापासून १२ मीटर अलीकडे, कडक मातीवर. आग लागली नाही, माणूस कुणी दुखावला नाही. अग्निशामक घेऊन धावलेली पोरं तशीच उभी राहिली. पंखाचा मुख्य दांडा मधोमध मोडलेला.

१.३०. पिट्समध्ये इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे चरे, पुढच्या नकली सिलिंडरांच्या कडा उष्णतेने वितळलेल्या. जावई म्हणाला, वळण चुकलं. मालक म्हणाला, कोर्सेअरने वेळ खाल्ला. दोघांचंही खरं, पण त्या प्लास्टिकने खरी गोष्ट आधीच सांगून टाकली होती.

आमच्या तपासणीच्या कागदावर आता एक रकाना वाढला आहे: काऊलिंगमध्ये शिरलेली हवा कुठून बाहेर पडते? रांगेत तीन मिनिटांहून जास्त चालू इंजिन उभं ठेवता येत नाही. आणि उंची कमी असताना डेडस्टिक झालं, तर चाकं आत ठेवून समोरच्या सोयाबीनमध्ये उतरायचं. शेतकऱ्याला विचारून झालं आहे, त्याची हरकत नाही.