प्रत्यारोपणासाठी परराज्यात मुक्काम : निघण्याआधी काय ठरवावं, सोबत काय न्यावं

मराठवाड्यातल्या घरांना मोठ्या आजारात मुंबईच्या आधी हैदराबाद आठवतं. नांदेडहून हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आत आहे, मुंबई त्याच्या जवळपास दुप्पट. थेट रेल्वे आहे, नातेवाईक आहेत, आणि उर्दू-दखनी बोलणाऱ्याचं तिथे अडत नाही. म्हणून डॉक्टरांनी 'लिव्हर बदलावं लागेल' म्हटलं की बऱ्याच कुटुंबांची पावलं तिकडेच वळतात. पण तपासणीला दोन दिवस जाऊन येणं वेगळं आणि अवयव मिळेपर्यंत बिऱ्हाड थाटून राहणं वेगळं.

आमच्या थोरल्या आपाचे यजमान, म्हणजे आमचे दुल्हाभाई, सिरोसिसच्या आजारात असेच हैदराबादला गेले. घरातल्या कुणाचा रक्तगट जुळेना. एकाचा जुळला, तर त्याच्याच यकृतात चरबी निघाली. त्यामुळे मृत दात्याच्या यकृताची वाट पाहणं एवढाच मार्ग उरला. दोन महिन्यांचे कपडे घेऊन गेलेली माणसं चौदा महिन्यांनी परतली. आपा त्यांच्यासोबत तिथे, आणि त्यांची दोन मुलं इथे आमच्याकडे. त्या काळात ठेचा खात जे शिकलो, ते इतरांना एका जागी मिळावं म्हणून हा लेख.

तिथेच का राहावं लागतं?

प्रत्यारोपण दोन प्रकारचं असतं. घरातला माणूस किडनी किंवा यकृताचा भाग देणार असेल तर तपासण्या आणि मंजुरी झाल्यावर ऑपरेशनची तारीख ठरते. अशा वेळी मुक्कामाचा अंदाज बांधता येतो. मेंदूमृत दात्याच्या अवयवाची वाट पाहायची असेल तर तारीख नसते. फोन कधीही येतो आणि काही तासांत हजर व्हावं लागतं.

कारण शरीराबाहेर काढलेला अवयव फार काळ टिकत नाही. हृदय आणि फुप्फुसं साधारण ४ ते ६ तास, यकृत ८ ते १२ तास, किडनी २४ ते ३६ तास. या वेळातच अवयव आणणं, रुग्णाच्या शेवटच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया बसवायची असते. गावाहून निघून सहा-सात तासांनी पोहोचणाऱ्या यकृताच्या रुग्णाला ही घाई परवडत नाही. किडनीच्या रुग्णाला थोडी सवड मिळते, म्हणून काही जण गावी डायलिसिस घेत वाट पाहतात. आपल्याला शहरात राहणं गरजेचं आहे की नाही, हा पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारा. गरज नसताना खोली भाड्याने घेऊन बसू नका.

नोंद कुठे करायची?

अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आहे, त्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि सविस्तर नियम २०१४ साली आले. देशपातळीवर 'नोटो' ही संस्था काम पाहते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय समन्वय केंद्रं आहेत. तेलंगणात 'जीवनदान', तामिळनाडूत 'ट्रान्सटॅन' ही यंत्रणा आहे. रुग्णाने स्वतः जाऊन नाव घालायचं नसतं. मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फतच नोंद होते.

२०२३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने अधिवासाची अट काढायला सांगितलं. रुग्ण कोणत्याही राज्यात नोंद करू शकतो. नोंदणीची फी आणि ६५ वर्षांची वयोमर्यादाही काढली गेली. प्रत्येक रुग्णाला नोटोचा एक क्रमांक मिळतो, रुग्णालय बदललं तरी तो क्रमांक कायम राहतो.

यातली मेख अशी की नोंद करता येणं आणि अवयव लवकर मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वाटपाचा क्रम राज्यागणिक ठरतो. तामिळनाडूसारख्या राज्यात आधी तिथल्या रुग्णांचा विचार होतो, मग बाहेरच्या राज्यांचा. म्हणून बिऱ्हाड हलवण्याआधी प्रत्यारोपण समन्वयकाला तीन गोष्टी थेट विचारा. बाहेरच्या राज्याच्या रुग्णाला क्रम कसा लागतो? आमच्या रक्तगटाचे किती जण यादीत आहेत? गेल्या वर्षी इथे मृत दात्याच्या अवयवाची किती प्रत्यारोपणं झाली? आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं. मोठी इमारत पाहिली आणि हो म्हटलं.

कागदपत्रांची पिशवी

एक जाड प्लॅस्टिकची पिशवी करा आणि ती एकाच माणसाकडे ठेवा. त्यात असावं : सगळ्यांची आधारकार्डं, रेशनकार्ड, निकाहनामा किंवा विवाह नोंदणीचा दाखला, जन्मदाखले, जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून, आणि सीटी-एमआरआयच्या सीडी. नात्यातला दाता असेल तर नातं कागदावर सिद्ध करावं लागतं. कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. चुलत किंवा आते-मामे भाऊ यात बसत नाहीत. त्यांचं प्रकरण प्राधिकार समितीपुढे जातं आणि रहिवासाचे दाखले लागतात. ते तहसील कार्यालयातून निघण्याआधीच काढा. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर तोही गावीच दुरुस्त करा. आपल्याकडे 'शेख' कधी पुढे, कधी मागे, कधी गायबच असतं. त्या एका शब्दापायी फाईल अडते.

आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हे पाहा. ओटीपी त्यावरच येतो. डायलिसिसचा रुग्ण असेल तर डायलिसिसचा चार्ट, कोरडं वजन, आणि हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट न्या. त्याशिवाय नवं केंद्र मशीनवर घेत नाही.

पैशाचा हिशेब

खासगी रुग्णालयात यकृत प्रत्यारोपणाचा खर्च वीस लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त सांगितला जातो. अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात काय धरलेलं नाही ते विचारा : आयसीयूचे जादा दिवस, रक्त, आधीच्या भरती, नंतरची औषधं. घरभाडं, रिक्षा, खाणं आणि गावाकडच्या घराचा खर्च वेगळा. कमावता माणूसच आजारी असेल तर बुडालेला पगार धरूनच हिशेब करा.

महाराष्ट्राचं योजनेचं कार्ड तिकडे चालेल असं धरून निघू नका, आणि तेलंगणाची आरोग्यश्री तिथल्या रहिवाशांसाठी आहे. आयुष्मान कार्ड देशभर चालतं, पण यादीतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांनाच. १४५५५ वर फोन करून आधी खात्री करा. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीचा अर्ज बिल भरण्याआधी करायचा असतो, मदत रुग्णालयाला जाते. सरकारी नोकरीत असाल तर परराज्यातल्या उपचाराच्या परवानगीबद्दल कार्यालयाला आधीच लेखी विचारा.

किडनी प्रत्यारोपण किंवा डायलिसिससाठी आणि हृदयशस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या रुग्णाला व एका सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत मिळते, स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के. डॉक्टरांचं विहित प्रमाणपत्र लागतं. रेशनचं धान्य परराज्यातल्या दुकानावरही अंगठा देऊन घेता येतं. थोडं तिथे, उरलेलं गावी, असंही चालतं.

जकात किंवा इमदादीचे पैसे येत असतील तर ते शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर जाऊ द्या आणि पावत्या जपा. देणाऱ्याला समाधान आणि घेणाऱ्याची मान ताठ. फोन रात्री आला तर पैसे कसे हलवायचे हेही ठरवा. आरटीजीएस आता चोवीस तास चालतं, पण बँकेच्या ॲपमधली मर्यादा आधी वाढवून ठेवावी लागते.

रुग्णालयाबाहेर 'लवकर नंबर लावतो' म्हणणारी माणसं भेटतात. त्यांच्यापासून दूर राहा. अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे : पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड.

घर कसं बघावं?

रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या आत, तळमजला किंवा लिफ्ट, घरातच संडास-बाथरूम, भिंतीला ओल नको, खिडकीत कबुतरं नकोत. स्वतःची चूल असावी, कारण यकृताच्या रुग्णाला कमी मिठाचं लागतं आणि हॉटेलात ते मिळत नाही. घरमालकाला आजार लपवू नका. करारात 'एक महिन्याच्या सूचनेवर सोडता येईल' असं लिहून घ्या आणि ॲडव्हान्स परत कधी मिळेल तेही लिहा. आपाने अकरा महिन्यांचा करार केला आणि बाराव्या महिन्यात सामान हलवावं लागलं, तेही दुल्हाभाई भरती असताना.

सोबतीला एकच माणूस पुरत नाही. यकृताच्या आजारात रुग्ण कधी कधी बरळतो, दिवस-रात्र विसरतो. तेव्हा लगेच रुग्णालय गाठायचं असतं. एकट्या बाईने रात्री तीनला हे कसं करायचं? आम्ही भावंडांनी पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळ्या लावल्या, पण चौथ्या महिन्यात. त्या पहिल्या दिवसापासून लावायला हव्या होत्या.

फोन आला तर

समन्वयकाकडे तीन नंबर द्या. पिशवी भरलेली ठेवा. फोन आल्यावर रुग्णाला काही खायला-प्यायला द्यायचं की नाही ते विचारूनच करा. आणि हेही माहीत असू द्या की बोलावलं म्हणजे अवयव मिळालाच असं नाही. कधी दुसऱ्या क्रमांकाचा रुग्ण म्हणून तयार ठेवतात, कधी अवयव तपासणीत नापास होतो. दुल्हाभाई दोनदा रात्रभर उपाशी बसून सकाळी खोलीवर परतले. दुसऱ्या वेळी आपा फोनवर काहीच बोलली नाही, नुसतं "चाय पीके सोती हूँ" म्हणाली. तिसऱ्या वेळी, अकराव्या महिन्यात, यकृत मिळालं.

अवयव घेणं-देणं जायज आहे का, हा प्रश्न आपल्या घरांत निघतोच. जेद्द्याच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ साली अटींसह याला परवानगी दिली आहे. तरी मनात शंका असेल तर आपल्या आलिमांशी गावीच बोलून घ्या. फोन आलेल्या रात्री त्यावर चर्चा नको.

मुलांची शाळा

शिक्षक म्हणून हे आमच्या जबाबदारीचं. काही आठवड्यांच्या मुक्कामासाठी मुलाचा दाखला काढू नका. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळांत तेलुगू सक्तीची आहे, मध्येच गेलेल्या मुलाला ती नव्याने धरावी लागते. मूल नेणं भागच असेल तर शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो आणि दाखल्याअभावी तो अडवता येत नाही. नववी-दहावीचं मूल मागे ठेवणंच बरं.

मागे राहिलेल्या मुलांना खरं सांगा. आम्ही धाकट्याला 'अब्बू लवकर येतील' एवढंच सांगत राहिलो. एके दिवशी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर रेघा दिसल्या, दिवसाला एक. चौऱ्याण्णव होत्या. त्या दिवसापासून रोज मगरीबनंतर व्हिडिओ कॉल ठरवला आणि तारीख कुणालाच माहीत नाही हेही त्याला सांगितलं. रेघा थांबल्या.

परतीचा विचार

ऑपरेशननंतरही साधारण तीन महिने शहरात थांबावं लागतं. टॅक्रोलिमससारख्या औषधांची रक्तातली पातळी तपासून डोस ठरतो. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. ही औषधं जन्मभर चालतात, म्हणून आपल्या जिल्ह्यात ती कोणत्या दुकानात मिळतात आणि ताप आला तर कोणत्या डॉक्टरला दाखवायचं, ते परतण्याआधी लिहून आणा.

अवयवाची तारीख आपल्या हातात नसते. बाकीच्या तारखा आपण ठरवू शकतो : सोबतीची पाळी कधी बदलेल, मुलं कधी भेटायला जातील, पैसे कोणत्या महिन्यापर्यंत पुरतील, आणि थांबायचं की परतायचं यावर सगळे पुन्हा कधी बसतील. या चार तारखा एका कागदावर लिहा आणि मगच तिकीट काढा.