मान, मोल आणि वतन : अवयवदानाच्या प्रोत्साहनाचा ऐतिहासिक विचार

देहाचा अंश देणाऱ्यास समाजाने काय द्यावे, हा प्रश्न अवयवरोपणाच्या शास्त्रामुळे निकडीचा झाला असला तरी त्याचे मूळ जुने आहे. देह वेचणाऱ्यास अथवा झिजविणाऱ्यास परतफेड करण्याच्या तीन तऱ्हा मराठी भाषेने तीन शब्दांनी ओळखल्या आहेत : मान, मोल आणि वतन. महाड व पोलादपूर या शेजारच्या तालुक्यांच्या इतिहासात यांपैकी पहिली आणि तिसरी तऱ्हा स्पष्ट दिसते.

पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. १६७० साली ते सिंहगडावर पडले. युद्धात पडलेल्या वीराच्या मुलाबाळांच्या पोषणार्थ मराठी राज्यात जी नेमणूक होई, तीस बालपरवेशी म्हणत. कर्नाटकातील शिलालेखांत अशाच दानास 'नेत्तरु कोडगे', म्हणजे रक्ताची देणगी, असे नाव आढळते. ही परतफेड मृत्यूनंतर, मागे राहिलेल्यांच्या हाती पडे. तीत कृतज्ञता होती, सौदा नव्हता.

वतनाचे स्वरूप निराळे. मेलेली जनावरे ओढण्यापासून सरकारी निरोप पोचविण्यापर्यंतची कामे महार समाजाकडे असत व त्याबद्दल हाडकी-हाडोळ्याची जमीन आणि बलुते मिळे. वरवर पाहता हे उत्तेजनच होय. परंतु जमीन वंशपरंपरेची, म्हणून कामही वंशपरंपरेचे झाले आणि नकाराची वाट बुजली. मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस व गावच्या तुकड्यांवरील अवलंबन सोडण्याचा उपदेश केला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाइतकेच हे आवाहन मूलगामी होते. पुढे १९२८ साली त्यांनी वतनविषयक कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. गरजवंताला दिलेले उत्तेजन बेडी कसे बनते, याचा हा धडा होय.

अवयवदानाच्या आधुनिक योजना या कसोटीवर पाहता येतात. इराणने १९८८ पासून मूत्रपिंड देणाऱ्या जिवंत दात्यास नियंत्रित मोबदला देण्याची पद्धत स्वीकारली. हे उघडच मोल होय, आणि देणारे बहुशः गरीब वर्गातील असतात. भारताने १९९४ च्या कायद्याने अवयवांचा व्यापार दंडनीय ठरविला. सिंगापूरच्या १९८७ च्या कायद्यात मरणोत्तर दानास नकार नोंदविणारा स्वतः रुग्ण झाल्यास अग्रक्रमात मागे पडतो. इस्राएलने २००८ साली दात्यास व त्याच्या आप्तांस अग्रक्रम देणारा कायदा केला. येथे पैसा नाही, पण परस्पर देवघेवीचा करार आहे. तमिळनाडूने २०२३ साली अवयवदात्यांचे अंत्यसंस्कार शासकीय इतमामाने करण्याचे ठरविले, तो शुद्ध मान होय. त्याच वर्षी केंद्र शासनाने आपल्या जिवंत दात्या कर्मचाऱ्यांस ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा देऊ केली. तीत लाभ नाही, केवळ हानीची भरपाई आहे.

तेव्हा उत्तेजनाचा विचार करताना त्याने किती अवयव मिळतील एवढेच पाहून भागत नाही. नाही म्हणणाऱ्याची चूल त्यामुळे विझते काय, हेही पाहिले पाहिजे. मान नाकारणाऱ्याचे काही जात नाही. मोल नाकारणे दरिद्री माणसास परवडत नाही, आणि वतन नाकारण्यास तर पिढ्यांचा लढा लागला. 'दान' हा शब्द जेथे नकार शक्य आहे तेथेच सार्थ ठरतो.